तारेवरचा नीळकंठ आणि माँजींचा निर्जळ दसरा

तुम्ही शेवटचा नीळकंठ कुठं पाहिला? तारेवर, की पिंजऱ्यात?

उत्तर मोठ्यानं द्यायची गरज नाही. काही जण म्हणतील, नीळकंठ म्हणजे शंकर ना? त्यांना माफ. पण बऱ्याच जणांना दसऱ्याच्या सकाळी दारात आलेला पिंजरा आठवेल. वर फडकं टाकलेलं. फडकं उचललं, निळा पक्षी दिसला, हात जोडले, वर्ष चांगलं जाणार म्हणून घरात सगळे खूश. यंदाचा दसरा नुकताच झाला आणि हा अंक लगेच हातात पडेल, म्हणजे आठवण ताजी असेल. त्या हात जोडणाऱ्यांसाठी मी हे लिहितेय. बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचावं. करमणूक भरपूर आहे, आणि हसं बहुतेक ठिकाणी माझंच झालंय.

मी पक्ष्यांचे फोटो काढते. लग्नसराईत नवरा-नवरीचे, उरलेल्या वर्षात पक्ष्यांचे. पक्षी परवडतात. ते "ताई, थोडी गोरी दाखवा" म्हणत नाहीत.

रंगीत पक्षी म्हटलं की लोकांना केरळचं जंगल आठवतं, नाहीतर परदेश. आमच्या जालना जिल्ह्याकडं बघून तर कुणाला रंगच आठवत नाही. हा निव्वळ अन्याय आहे. गोदाकाठच्या उसात लाल मुनिया आहेत, गुलालात लोळून आल्यासारख्या. नदीच्या दरडीत बिळं करून वेडे राघू राहतात. आमराईत हळद्या आहे. पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग येतो, अंगावर सगळे रंग घेऊन पाचोळ्यात लपून बसतो. घनसावंगी तालुक्यात हे सगळं आहे, आणि तालुक्याला पत्ता नाही.

बाहेरच्यांना वाटतं, या कामाला मोठी लेन्स लागते. लेन्स लागतेच, पण तिच्याहून जास्त लागतं ते बूड. एका जागी टेकवून ठेवता येणारं. पक्षी कुठं बसतो ते आधी काही दिवस लांबून बघायचं. मग पहाटे जाऊन तुरीत नाहीतर बाभळीच्या आडोशाला, अंगावर जाळीचं कापड घेऊन बसायचं, आणि आपण तिथं नाहीच असं पक्ष्याला वाटेपर्यंत हलायचं नाही. पक्ष्याला ते लवकर पटतं. माणसांना पटत नाही. एकदा तुरीत अशीच बसले होते, तर मागून आवाज आला.

"ए बाई! कोणाच्या मोजणीवर आलीस?"

शेतमालकीण होती. हातात खुरपं.

"मोजणी नाही मावशी. पक्षी."

"पक्षी मोजून राह्यली?"

"फोटो काढतेय त्यांचा."

"पक्ष्याचा फोटो कशाला? त्याला काय आधार कार्ड काढायचंय?"

पुढचा तासभर मावशी माझ्या शेजारी बसून रस्त्यात कोणाची किती जमीन गेली ते सांगत होत्या. पक्षी अर्थातच आला नाही.

माझे तीन नियम आहेत. पक्ष्याच्या आवाजाची रेकॉर्ड लावून त्याला बोलवायचं नाही. घरट्याचा फोटो काढायचा नाही. आणि बसलेला पक्षी उडवायचा नाही. उडताना पंख उघडतात, रंग दिसतो, म्हणून लोक खडा मारतात, टाळी वाजवतात. पक्षी उडतो तो जीव वाचवायला. आपल्या फोटोसाठी त्यानं जीव का वाचवावा? एकदा शहरातून दोन गृहस्थ माझ्याबरोबर आले होते. अंगात जंगली हिरवे ठिपक्यांचे कपडे, त्यामुळं वाळल्या रानात ते कोसभरावरून दिसत होते. त्यातल्या एकानं खंड्याला उडवायला खडा उचलला. मी कॅमेरा बॅगेत भरला आणि दोघांना तिथूनच कुंभार पिंपळगावच्या जीपमध्ये बसवून दिलं. तोफेएवढ्या लेन्स मांडीवर, एका बाजूला कोंबड्यांची टोपली, दुसऱ्या बाजूला मिरचीचं पोतं. खंड्या मात्र तारेवर निवांत बसून होता.

हा ताठा आला कुठून, असं कुणी विचारलं तर मी घनसावंगीकडं बोट दाखवते. तिथं माझ्या वडिलांचा, अप्पांचा, छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर तो चालतो आणि पत्रकांसाठी अप्पा तो चालवतात. दारूबंदी, हुंडाबंदी, पाणी, रस्ता, ज्याला कुणाला काही म्हणायचं असेल त्याचं पत्रक आमच्याकडं छापलं गेलं. माझं नाव समता, ते उगाच नाही. अक्षरं मी पत्रकांवरच गिरवली, गणितं त्यांच्या कोऱ्या बाजूला सोडवली. इतर पोरी अंगाई ऐकून झोपल्या, मी 'जाहीर आवाहन' ऐकून. म्हणून अन्याय दिसला की माझ्या तोंडून आपोआप ठळक अक्षरं बाहेर पडतात. गिऱ्हाइकांना त्याचा त्रास होतो.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो बन्सीलाल शेठना.

शेठचं कुंभार पिंपळगावात सरकी-पेंडीचं दुकान. घर मूळचं राजस्थानातलं, पण शेठची मराठी आमच्याएवढीच मराठवाड्याची. दरवर्षी ते गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटतात आणि त्यावर माझा एक पक्षी असतो. त्या वर्षी, दसरा पंधरा-वीस दिवसांवर आलेला असताना, मी खंड्याचा फोटो घेऊन गेले. शेठनी तो लांब धरला, जवळ धरला.

"फोटो एक नंबर. पण ह्याचं तोंड तिकडं का? माझ्या दुकानाचं नाव इकडं छापणार. गिऱ्हाईक म्हणंल, पक्षीसुद्धा पाठ फिरवून बसलाय."

"तो तसाच बसला होता शेठजी."

"मंग उलटा कर. कॉम्प्युटरवर होतं ते, मला ठाऊक आहे."

"होतं. पण जे नव्हतं ते दाखवणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

"समता, तुझ्या तत्त्वात काय काय बसतं ते एकदा सांगून टाक. मी तेवढंच मागत जातो."

एवढ्यात दुकानाच्या पायरीवर दत्तू फुगेवाला आला. जत्रेत फुगे आणि पिपाण्या विकणारा, सदा हसतमुख माणूस. शेठ त्याला म्हणाले, "दत्तू, यंदा नीळकंठ जरा टवटवीत आण. मागच्या साली मान टाकून बसल्ता."

मला माहीत नव्हतं, असं नाही. राजस्थानी घरांत दसऱ्याला नीळकंठाचं दर्शन शुभ मानतात, आणि दर्शन दारात आणून देणारे आपल्याकडं तयार असतात. पण माझ्या खंड्याचा फोटो अजून टेबलावर असताना समोर ऑर्डर सुटावी, हे मला नवीन होतं.

"दत्तूभाऊ, दसऱ्यानंतर त्या पक्ष्याचं काय करता?" मी विचारलं.

"सोडून देतो की. मी काय मारून राह्यलो का? दर्शन करवून राह्यलो."

"सोडता म्हणजे?"

"झाडावर ठिवतो."

"मग उडतो का?"

दत्तूनं हातातल्या फुग्यांकडं बघितलं. "बसतो," तो म्हणाला.

झालं. पेंडीच्या पोत्यांमध्ये उभी राहून मी पत्रक बोलले, उद्गारचिन्हांसकट. हा पक्षी पकडणं गुन्हा आहे, तो शेतातले टोळ आणि किडे खाऊन शेतकऱ्याचं काम करतो, त्याला उपाशी ठेवून कुणाचं वर्ष चांगलं जात नाही, देवाला हात जोडायचे तर देवाच्या पाखराला आधी मोकळं करा. गिऱ्हाइकं पोतं खांद्यावर घेऊन ऐकत थांबली. एकानं टाळी वाजवली, पण शेठनी बघितल्यावर त्यानं डास मारल्यासारखं केलं.

"कुण बोलै है?" आतून आवाज आला आणि शेठच्या आई बाहेर आल्या. सगळं गाव त्यांना माँजी म्हणतं. बारीक अंगकाठी, ताठ मान, डोळ्यांवर जाड भिंगं.

"बेटा, तू झाडावरचा नीळकंठ दाखवतेस?" त्यांनी विचारलं.

"दाखवते. विजेच्या तारेवर रोज बसतो."

"मी दसऱ्याला नीळकंठ बघितल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत न्हाई. लगीन होऊन आल्ते तवापासून. आता तब्येत अशी. दुपारपर्यंत पाणी न्हाई भेटलं तर डॉक्टर बन्सीला बोलंल. दाखवतेस का नक्की?"

खरं म्हणजे इथं गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "नक्की."

शेठनी सगळ्यांसमोर ठरवून टाकलं. "बराबर. ऊन डोक्यावर यायच्या आत माँजीला मोकळा नीळकंठ दिसला, तर आमच्या पुऱ्या गल्लीत एका दारात पिंजरा येणार न्हाई. माझी जबान. न्हाई दिसला, तर दत्तूचा पिंजरा, आणि तू पुन्हा ह्या दुकानात भाषण करायचं न्हाई."

तिथून मी थेट नदीकडच्या रस्त्याला लागले.

नीळकंठाबद्दल दोन गोष्टी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक म्हणजे त्याचा कंठ निळा नसतोच. गळा आणि छाती मातकट तांबूस, त्यावर फिकट रेघा. निळाई सगळी पंखांत, आणि बसला की पंख मिटलेले. त्यामुळं बसलेला नीळकंठ बघून कुणी हात जोडणार नाही. दुसरी गोष्ट, तो आपली जागा ठरवून राहतो. तारेचा एखादा तुकडा आपला म्हटला की आपला. दुसरा नीळकंठ आला तर ओरडत अंगावर धावून जातो, भाऊबंदकी असल्यासारखा.

मला असा एक सापडला. रस्त्याला लागून रानात ट्रॅक्टर चालू होता, आणि नांगरटीत उघडे पडणारे किडे टिपायला तो रोज सकाळी त्याच तारेवर हजर. मी रोज जाऊन बघितलं. रोज होता. मी निर्धास्त झाले.

अप्पांना कळलं तेव्हा ते इतके खूश झाले की लग्नपत्रिका बाजूला ठेवून त्यांनी पत्रक काढलं. 'नीळकंठाला मुक्त करा!!!' मी त्यांना माझा फोटो दिला होता. छापून आला तो भलताच. जांभळी छाती, हिरवं डोकं, लांब शेपटी.

"अप्पा, हा कोण?"

"नीळकंठच. इंटरनेटवर बघून घेतला. तुझा बसलेला होता गं, मातकट. बघून कुणाचं रक्त उसळणार?"

"हा आफ्रिकेतला आहे!"

"मग आंतरराष्ट्रीय एकजूट झाली," अप्पा म्हणाले. पत्रकं तोपर्यंत बाजारात वाटून झाली होती.

दसरा उजाडला. शेठची पांढरी गाडी, तिच्यात माँजी. मागं इस्माईलभाईंची काळी-पिवळी जीप, तिच्यात गल्लीतल्या आठ-दहा साड्या आणि तेवढेच फेटे. त्यामागं मोटारसायकली, म्हणजे ज्यांना नीळकंठाशी घेणं नव्हतं पण माझी फजिती बघायची होती ते. अप्पा कुणाच्या तरी मागं बसून आले होते, काखेत उरलेली पत्रकं.

तारेखाली पोचलो. तार रिकामी.

रानही रिकामं होतं. ट्रॅक्टर नव्हता. मी ट्रॅक्टरवाल्याच्या आखाड्यावर, म्हणजे त्याच्या शेतातल्या घरावर, धावले. ट्रॅक्टर अंगणात उभा होता, धुतलेला, हळद-कुंकू लावलेला, झेंडूचा हार घातलेला. मालक समोर नारळ फोडत होता.

"ट्रॅक्टर चालू करता का?" मी विचारलं.

"आज?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "पोरी, आज खंडेनवमीचं-दसऱ्याचं हत्यार हलवतं का कोणी?"

तालुक्यातला प्रत्येक नांगर, प्रत्येक ट्रॅक्टर त्या दिवशी हार घालून बसला होता. नांगरट नाही तर उघडे किडे नाहीत, किडे नाहीत तर नीळकंठ कशाला बसेल? मी रोजच्या दिवसांचा अभ्यास केला होता आणि दसरा रोजचा दिवस नव्हता. नीळकंठ नोकरीला असल्यासारखा सुट्टीवर गेला होता.

परत आले तर जीपमधून प्रश्नांची सरबत्ती. "कुठं गेला?" "सोनं लुटायला गेला असंल." "ताईनं त्याला पत्रक दिलं नसंल." इस्माईलभाई स्टेअरिंगवर टेकून म्हणाले, "ताई, टेन्शन नक्को. आगे चलते. परिंदा है, कहीं तो बैठा होगा."

मी डोकं चालवलं. ट्रॅक्टर पूजेला बसतात, पण म्हशी चरायला जातातच. म्हशी चालल्या की गवतातले टोळ उडतात. आम्ही म्हशी शोधत निघालो. एवढी वरात म्हशींच्या मागं लागलेली बघून एका गुराख्यानं म्हशी पळवायलाच सुरुवात केली. वाटेत दोन गावांतल्या लोकांनी थांबवून आपट्याची पानं दिली, 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा'. राहायला वेळ कुठं होता? ऊन चढत होतं. गाडीच्या काचेतून माँजींचा चेहरा दिसत होता. ओठ सुकले होते, पण मान ताठ.

एका विहिरीजवळ, मोटारीच्या खोलीवर जाणाऱ्या तारेवर, तो दिसला. खाली म्हशी, वर नीळकंठ. मी हात वर केला, सगळी वरात थांबली. माँजींना उतरवून बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी बोट दाखवलं.

"कठै है? म्हनै तो कोनी दीखै," माँजी म्हणाल्या. आधी दिसेना, मग दिसला. बराच वेळ त्यांनी भिंगांतून बघितलं.

"हा नीळकंठ न्हाई," त्या म्हणाल्या. "हा मातीच्या रंगाचा आहे."

"माँजी, हाच आहे. पंख मिटलेत."

"मी पन्नास दसऱ्यांना बघितलाय बेटा. निळाभोर असतो. दत्तू पंख उघडून दाखवतो."

जीपमधल्या एका काकांनी खिशातून अप्पांचं पत्रक काढलं आणि तारेवरच्या पक्ष्याशी ताडून बघितलं. "ह्याच्यात तर छाती जांभळी आहे. शेपटी ही एवढी. हा दुसराच कोणतरी आहे. तुमच्याच पत्रकात लिहिलंय बघा." मी अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हशींकडं बघत होते.

"तो उडाला की निळा दिसेल," मी म्हणाले.

"मंग उडव."

"नाही उडवायचा. आपण होऊन उडेल."

सगळे थांबले. नीळकंठ बसला. त्यानं मान डावीकडं केली, मान उजवीकडं केली. एक टोळ समोरून गेला, त्यानं तो सोडून दिला. पोट भरलं असावं. इस्माईलभाई माझ्या कानाशी आले. "हॉर्न मारू क्या ताई? खाली एक बार. छोटा."

"नाही."

"जीप का दरवाजा लगाऊ क्या जोर से? वो तो अपना रोज का है."

"नाही!"

वर तापत होतं. शेठ घामानं भिजले होते. नवी रेशमी झब्बा-टोपी, खांद्यावर उपरणं, हातात पाण्याचा तांब्या, आणि तांब्याचं काहीच करता येत नाही. शेवटी ते माझ्यासमोर आले. आवाजात राग नव्हता.

"बेटा, एक टाळी. हळूच. त्या पक्ष्याचं काय जातं? माझी माँ तहानलेली आहे. तिनं सोडायचं न्हाई, तू सोडायचं न्हाई. दोघी तत्त्वाच्या. मी मधी तांब्या धरून उभा."

एका बाजूला माझा नियम होता, दुसऱ्या बाजूला खुर्चीवरची म्हातारी बाई, जिला मी 'नक्की' म्हणाले होते. माँजींनी डोळे मिटून घेतले होते. मी बघितलं तर माझे दोन्ही हात समोर आले होते, आणि त्यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं.

तेवढ्यात मोटारसायकल आली. दत्तू. मागं दोरीनं बांधलेला, फडकं टाकलेला पिंजरा.

"आधीच पकडून ठेवला होतात?" मी ओरडले.

"मीच सांगितल्तं, आता फोन करून बोलावलं पण मीच," शेठ म्हणाले. "मी बेटा आहे. मला इंतजाम ठेवावा लागतो."

दत्तूनं पिंजरा माँजींच्या पायाशी ठेवला आणि सवयीनं, अगदी अदबीनं, फडकं उचललं. आतला पक्षी घशातून खरखरीत ओरडला.

तारेवरच्यानं ते ऐकलं. त्याच्या रानात दुसरा नीळकंठ! तो तारेवरून सुटला तो सरळ खाली. पंख उघडले, आणि आधी गडद निळा, मग आकाशी, मग पुन्हा गडद, असे पट्टे माँजींच्या डोक्यावरून ओरडत गेले. वळून पुन्हा आला, पिंजऱ्यावरून गेला, कोलांटी घेऊन वर चढला, पुन्हा झेपावला. शेठची टोपी खाली पडली. म्हशींनीही माना वर केल्या. इस्माईलभाई "या अल्ला" म्हणाले. जीपमधल्या काकांनी पत्रक खिशात घातलं.

फोटो? नाही काढला. कॅमेरा गळ्यात होता, पण हात अजून न वाजलेल्या टाळीच्या जागीच अडकले होते. माझ्या धंद्यातलं सर्वांत चांगलं उड्डाण मी दोन्ही हात मोकळे असताना सोडलं. यावर अप्पांशिवाय कुणी मला बोललं नाही.

"दिसला," माँजी म्हणाल्या. शेठनी घाईनं तांब्या पुढं केला. माँजींनी तो बाजूला सारला. त्या खाली, पिंजऱ्याकडं बघत होत्या.

"दत्तू, तो एवढा उडून राह्यलाय. तुझा का न्हाई फडफडत?"

"पिंजऱ्यात आहे ना माँजी."

"बाहेर काढ."

दत्तूनं काढला आणि नेहमीसारखे दोन बोटांनी पंख पसरून दाखवले. निळेभोर.

"आता हात काढ," माँजी म्हणाल्या. "हात न लावता उघडू दे."

दत्तूनं पक्षी जमिनीवर ठेवला. पंख मिटले ते मिटलेच. एक थोडा हलला आणि ओढल्यासारखा मातीत घसटला. पक्षी दोन पावलं चालला आणि बसला.

"वडाचा चीक लावलाय माँजी," दत्तू खालच्या आवाजात म्हणाला. "न्हाईतर उडून जातो."

"दर साल लावायचास?"

"सगळेच लावतात."

माँजींनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला आणि मुलाला म्हणाल्या, "बन्सी, उचल त्याला. तुझ्या इंतजामाचा आहे, तूच सांभाळ."

शेठनी बिचकत पक्षी उचलला. पक्ष्यानं पहिल्यांदा बोट फोडलं आणि मग रेशमी झब्ब्यावर मनसोक्त शिटला. "ह्याला पाणी पाजू का?" शेठ कळवळून म्हणाले.

"नाही! जबरदस्तीनं पाजायचं नाही, श्वासनळीत जातं."

"ह्याच्या पंखांना तेल लावू का?" दत्तूनं विचारलं.

"नाही!"

माँजी माझ्याकडं वळल्या. "ह्या पोरीला कशाला हो म्हणता येतं का न्हाई?"

"उपरण्यात सैल गुंडाळा आणि सावलीत धरा. हो," मी म्हणाले.

मी वनविभागाला फोन केला होता. त्यांची गाडी येईपर्यंत पेंडीचे व्यापारी बन्सीलाल शेठ बाभळीखाली उपरण्यातला नीळकंठ छातीशी धरून बसले होते आणि दत्तू त्यांच्यावर पत्रकांनी वारा घालत होता. त्या पत्रकांचा दुसरा काही उपयोग झाल्याचं मला माहीत नाही. पक्षी गाडीत गेल्यावर माँजींनी तांब्या मागून घेतला आणि पूर्ण संपवला.

तो पक्षी वाचला नाही. चीक सोडवताना पिसं गेली, अंगात ताकद नव्हती, थोड्याच दिवसांत गेला. मी सांगायला गेले त्या दिवशी शेठनी दुकान लवकर बंद केलं. हे लिहिताना मला विनोद सुचत नाही.

शेठनी जबान पाळली. त्या गल्लीत पुन्हा पिंजरा आला नाही. दत्तू फुगे विकतो, दसऱ्याला आपट्याची पानं विकतो आणि मला बघितलं की अजून जरा घाबरतो. यंदाच्या दसऱ्याला माँजी परत खुर्ची घेऊन रानात आल्या. नीळकंठ तारेवर होता, मातकट, पंख मिटलेला, उडायचं नाव नाही. मी धास्तावले. माँजींनी त्याला हात जोडले आणि तांब्या मागितला.

"अजून उडाला नाही माँजी," मी म्हणाले.

"बसलेला पण नीळकंठच. उडणं त्याची मर्जी," त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

पण ही एक गल्ली झाली. यंदा त्याच सकाळी आजूबाजूच्या गावांत पिंजरे फिरतच होते, आणि प्रत्येक दारात माझं भाषण पोचत नाही. म्हणून तुम्हाला मागतेय. पुढच्या दसऱ्याला पिंजरा दारात आला तर वाद घालू नका, ओरडू नका, ते काम माझ्याकडं राहू द्या. फक्त हात जोडायच्या आधी त्या माणसाला एवढंच सांगा: "हात न लावता याचे पंख उघडून दाखव." तो गप्प झाला की वनविभागाला फोन लावा. आणि फोन ठेवल्यावर, पिंजरा तिथं पोचायच्या आत, शेजारच्या दाराची कडी वाजवा.